काचपट्टीवरील सरहद्द

नेब्रास्का हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गवताळ मैदानांचे राज्य. त्यातील कस्टर परगण्यात १८८०च्या सुमारास जी कुटुंबे जमीन कसण्यासाठी येऊन राहिली, त्यांना घर बांधण्यापुरतेही लाकूड मिळत नसे. मैलोन् मैल झाड दृष्टीस पडत नसे. तेव्हा नांगराने गवताच्या मुळांसकट मातीचे जाड पट्टे कापून काढावयाचे, त्यांचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचून भिंती उभ्या करावयाच्या आणि वरही मातीचेच छप्पर घालावयाचे, असा घरबांधणीचा प्रकार तेथे रूढ झाला. ही घरे हिवाळ्यात ऊबदार असत आणि पावसाळ्यात गळत. याच परगण्यातील हिल्टन कुटुंबाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात उघड्यावर एक पायपेटी ठेवलेली असून तिच्याभोवती घरची माणसे उभी आहेत. घर मात्र चित्रात कोठेच नाही. त्याचे कारण असे सांगतात की, छायाचित्र काढणारा दारी आला तेव्हा घरच्या बाईने मातीच्या घरासमोर उभे राहण्यास साफ नकार दिला. पूर्वेकडील नातेवाइकांना आपली पायपेटी दिसावी, पण आपण मातीच्या घरात राहतो हे कळू नये, अशी तिची इच्छा होती. म्हणून ते अवजड वाद्य ओढत बाहेर आणण्यात आले आणि चित्र निघाल्यावर पुन्हा आत नेण्यात आले.

कथा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या चित्रात दोन गोष्टी आहेत. एक, जी दिसते ती पायपेटी. दुसरी, जी दिसत नाही ती लाज. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरहद्दीची जुनी छायाचित्रे तेथील कथाकारांना इतकी का उपयोगी पडली, आणि कित्येकदा त्यांनी त्यांना चकवलेही कसे, हे समजून घेण्यासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात.

हे छायाचित्र काढणारा सॉलोमन बुचर हा स्वतःही शेती करण्यासाठीच त्या भागात आलेला गृहस्थ होता. शेतीत त्याचे मन रमले नाही. १८८६ साली आपल्या परगण्याचा सचित्र इतिहास सिद्ध करण्याची कल्पना त्याला सुचली आणि गाडीत कॅमेरा घालून तो दारोदार हिंडू लागला. १८९९ मध्ये त्याच्या घराला आग लागली. लोकांकडून लिहून घेतलेल्या हकीकती आणि कागदावर उतरविलेली चित्रे त्या आगीत खाक झाली. काचेच्या निगेटिव्ह मात्र धान्याच्या कोठारात ठेवलेल्या असल्यामुळे बचावल्या. तीन हजारांहून अधिक काचपट्ट्यांचा हा संग्रह पुढे नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेकडे आला. त्यात रॉडिंग कुटुंबाचे एक चित्र आहे. घरासमोर टेबल मांडले आहे, टेबलावर कलिंगड आहे, आणि घर टेकडीच्या उतारात खोदलेले असल्यामुळे मागची गाय थेट छपरावरच उभी असल्यासारखी दिसते. शोअर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाचेही १८८७ मधील एक चित्र आहे. पूर्वी गुलाम असलेला माणूस आपल्या कुटुंबासह स्वतःच्या मातीच्या घरापुढे बसला आहे. पश्चिमेच्या स्वस्त कादंबऱ्या वाचून ज्यांनी त्या प्रदेशाची कल्पना केली असेल, त्यांना हे चित्र अनपेक्षित वाटेल, कारण त्या कादंबऱ्यांत अशा कुटुंबाला क्वचितच जागा मिळाली.

बुचरच्याच संग्रहात एका मोठ्या गुरेपालकाच्या कुंपणाच्या तारा शेतकरी तोडीत असल्याचे दृश्य आहे. हा प्रसंग १८८५ मधला. चित्र मात्र १९००च्या सुमारास, माणसांना पुन्हा उभे करून, एखाद्या नाटकाप्रमाणे घेतलेले आहे. बुचरने यात कोणाची फसवणूक केली असे म्हणण्याचे कारण नाही. तो इतिहास लिहीत होता, आणि इतिहासातील जो प्रसंग टिपता आला नव्हता तो त्याने रचून घेतला. हेच काम कादंबरीकारही करतो.

ज्या लेखनप्रकाराला ‘वेस्टर्न’ म्हणतात त्याचा जन्म छायाचित्रणाच्या बरोबरीनेच झाला. दहा सेंटांना मिळणाऱ्या साहसकथांची पुस्तके १८६० पासून निघू लागली. ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ साली आणि झेन ग्रे यांची ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ १९१२ साली प्रसिद्ध झाली. घोड्यावरचा मितभाषी, नेमबाज आणि न्यायी गुराखी वाचकांच्या मनात कायमचा बसला तो या दोन पुस्तकांनी. १८९०च्या जनगणनेनंतर वस्तीची सलग सरहद्द आता उरली नाही, असे सरकारी अहवालाने जाहीर केले होते. त्यानंतरच्या लेखकांपैकी बहुतेकांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि कित्येकांनी तो प्रदेशही पाहिला नव्हता. एल्मोर लेनर्ड हे १९५०च्या दशकात डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात राहून ॲरिझोनाच्या वाळवंटातील कथा लिहीत. तेथील डोंगर, घळी व निवडुंग यांची माहिती त्यांना ‘ॲरिझोना हायवेज’ या सचित्र मासिकातून मिळे. मासिकाचे वर्गणीदार झाल्याने आपला प्रवास वाचला, हे त्यांनी कधी लपविले नाही. ‘थ्री-टेन टू युमा’ ही त्यांची १९५३ मधील कथा अशाच तयारीतून आली.

मात्र जुन्या छायाचित्रावर विसंबण्यापूर्वी ते कसे निघत असे हे पाहणे अगत्याचे आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली जाहीर केलेली ओल्या काचपट्टीची पद्धत सुमारे तीस वर्षे सर्वत्र चालली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव एकसारखा पसरावयाचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आत, अंधारात नेऊन ती रसायनांनी धुवावयाची. अर्थात अंधारखोली छायाचित्रकाराला बरोबरच न्यावी लागे. टिमथी ओसलिव्हन याने १८६७ साली नेवाडाच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये खेचरे जुंपलेली आपली गाडी उभी करून तिचेच छायाचित्र काढले आहे. त्या अफाट वाळूत तीच त्याची अंधारखोली होती. विल्यम हेन्री जॅक्सन हा १८७१ मध्ये सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोनच्या प्रदेशात गेला तेव्हा काचा आणि रसायने यांचे ओझे खेचरांच्या पाठीवर होते. त्याने आणलेली चित्रे अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर आली आणि १८७२ मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. (हाच जॅक्सन पुढे १८९५ साली एका वाहतूकविषयक मंडळाबरोबर हिंदुस्थानातही येऊन गेला आणि येथील आगगाड्या व रस्ते त्याने टिपले.)

या पद्धतीत काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. धावता घोडा किंवा सुटलेली गोळी तीत सापडणे शक्य नव्हते. माणसाने हलावयाचे नाही, हसू चेहऱ्यावर धरून ठेवणे कठीण, म्हणून चेहरे ताठ आणि नजर रोखलेली. सरहद्दीवरची माणसे अत्यंत कठोर व अबोल होती ही समजूत काही अंशी या सेकंदांतून जन्मली असावी. पुढील लेखकांनी त्या ताठ चेहऱ्यांवरून पात्रे घडविली आणि त्यांना तोडके बोलावयास लावले.

चित्राने चकविल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे बिली द किड. न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे १८७९-८०च्या सुमारास काढलेली त्याची एक तसबीर उपलब्ध आहे. ती काचेवर नसून लोखंडाच्या पातळ पत्र्यावर आहे. अशा पत्र्यावर निगेटिव्ह न होता थेट चित्रच उमटते, आणि आरशातल्याप्रमाणे डावे-उजवे उलटते. चित्रात पिस्तूल बिलीच्या डाव्या कमरेला दिसते, म्हणून तो डावखुरा होता अशी आख्यायिका पसरली. १९५८ साली पॉल न्यूमन याने त्याची भूमिका केलेल्या चित्रपटाचे नावच ‘द लेफ्ट हँडेड गन’ असे होते. वस्तुतः उलगडा चित्रातच होता. बिलीच्या हातातील १८७३च्या बनावटीच्या विंचेस्टर बंदुकीत गोळ्या भरण्याची झडप उजव्या बाजूला असते, आणि चित्रात ती डाव्या बाजूला आहे. बंदुकीची माहिती असलेल्या कोणालाही ही विसंगती दिसली असती. पण पाहणारे बंदुकीकडे पाहतच नव्हते. २०११ साली हा पत्र्याचा तुकडा डेन्व्हर येथील लिलावात तेवीस लाख डॉलरांना विकला गेला.

दुसरे एक चित्र याच्या अगदी उलट प्रकारचे. नोव्हेंबर १९०० मध्ये टेक्ससमधील फोर्ट वर्थ या शहरात जॉन स्वार्ट्झ याच्या स्टुडिओत पाच गृहस्थ चित्र काढून घेण्यासाठी गेले. उत्तम शिवलेले सूट, जाकिटे, घड्याळाच्या साखळ्या आणि गोल बोलर टोप्या. ही बुच कॅसिडी आणि सनडान्स किड यांची बँका व आगगाड्या लुटणारी टोळी होती. तसबीर चांगली वठली म्हणून स्वार्ट्झने ती दर्शनी खिडकीत मांडली, तेथे एका जाणकाराने चेहरा ओळखला आणि मग हीच तसबीर शोधपत्रकांवर छापली गेली, अशी हकीकत आहे. या पाच माणसांपैकी एकाच्याही डोक्यावर रुंद काठाची टोपी नाही. दरोडेखोरांना आपण बँकेच्या मालकांसारखे दिसावे अशी हौस होती, हे कोणत्याही आख्यायिकेपेक्षा अधिक मनोरंजक आहे.

छायाचित्रकार प्रसंगाच्या अगदी जवळ होता आणि तरीही चित्र निघाले नाही, असेही घडले. ॲरिझोनातील टूमस्टोन या चांदीच्या खाणींच्या गावात २६ ऑक्टोबर १८८१ रोजी अर्प बंधू व डॉक हॉलिडे एका बाजूला आणि क्लँटन व मॅक्लॉरी दुसऱ्या बाजूला, अशी जी चकमक झाली ती ‘ओ. के. कोरल’ या घोड्यांच्या वाड्याच्या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ती कॅमिलस फ्लाय याच्या खाणावळीलगतच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत झाली. फ्लाय आणि त्याची पत्नी मॉली हे दोघेही छायाचित्रकार, आणि त्यांचा स्टुडिओ याच आवारात होता. सुमारे अर्ध्या मिनिटात तीन माणसे पडली. फ्लाय बाहेर आला तो हातात बंदूक घेऊन. मरणोन्मुख बिली क्लँटनच्या हातातील पिस्तूल त्याने काढून घेतले. चकमकीचे एकही छायाचित्र नाही. आहे ते शवपेटिकांमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन मृतांचे, आणि तेही फ्लायनेच काढले असे मानले जाते. त्या अर्ध्या मिनिटाची रिकामी जागा तेव्हापासून कादंबरीकार आणि चित्रपटकार भरीत आले आहेत. ओकली हॉल यांनी १९५८ मध्ये ‘वॉरलॉक’ या कादंबरीत याच गावाची छाया असलेले एक काल्पनिक गाव उभे केले, आणि गोळीबारापेक्षा त्यानंतर गावकऱ्यांमध्ये माजलेल्या मतभेदांना अधिक पाने दिली.

या फ्लायने पुढे जे केले ते मात्र अपूर्व होते. मार्च १८८६ मध्ये जनरल जॉर्ज क्रूक हे जेरोनिमो व त्याच्या अपाची साथीदारांशी बोलणी करण्यासाठी मेक्सिकोच्या हद्दीत कॅन्यन दे लोस एम्बुडोस येथे गेले, तेव्हा फ्लाय आपला कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे गेला. शरण न आलेल्या, हाती शस्त्र असलेल्या योद्ध्यांमध्ये शिरून तो त्यांना इकडे सरका, तिकडे तोंड करा असे सांगत होता. क्रूक यांचे सहायक जॉन बर्क यांना त्याच्या या धिटाईचे नवल वाटले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची, ज्यांना कोलंबसाच्या भौगोलिक चुकीमुळे ‘इंडियन’ हे नाव चिकटले त्यांची, युद्ध चालू असताना त्यांच्या स्वतःच्या तळावर घेतलेली एवढीच छायाचित्रे ज्ञात आहेत. जेरोनिमोची स्टुडिओतील तसबीर, जीत तो गुडघा टेकून बंदूक रोखल्यासारखा बसला आहे, ती अधिक छापली जाते. तीत झुडपेही सजावटीची आहेत. फ्लायच्या चित्रांतील माणसे थकलेली, धुळीने माखलेली आहेत. बोलणी होऊन दोन दिवस होतात न होतात तोच जेरोनिमो रात्री निसटला, आणि शेवटी सप्टेंबर १८८६ मध्ये शरण आला.

त्या तळावरील एका चित्रात अपाची मुलांच्या घोळक्यात एक गोरा मुलगा उभा आहे. त्याचे नाव सांतियागो मॅकिन. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यू मेक्सिकोतील मिंब्रेस नदीकाठावरून त्याला पळवून नेण्यात आले, आणि त्याच वेळी त्याचा मोठा भाऊ मारला गेला. सहा महिन्यांनी सुटका झाली तेव्हा तो रडू लागला, अपाची भाषेतच बोलू लागला आणि घरी जाण्यास तयार होईना, असे तत्कालीन वृत्तपत्रीय वृत्तांत सांगतो. याच दुःखाचे त्याहून करुण चित्र म्हणजे सिंथिया ॲन पार्कर हिची १८६१च्या सुमाराची तसबीर. १८३६ मध्ये लहानपणी कोमांची लोकांनी तिला नेले. ती त्यांच्यातलीच झाली, आई झाली, आणि १८६० साली सैनिकांनी तिला ‘सोडवून’ गोऱ्या नातेवाइकांकडे पोचविले. तसबिरीत तिचे केस आखूड कापलेले असून ती मुलीला अंगावर पाजीत आहे. केस कापणे ही कोमांचींमध्ये शोक करण्याची रीत होती. ॲलन ले मे यांची ‘द सर्चर्स’ (१९५४) आणि पॉलेट जाइल्स यांची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ (२०१६) या कादंबऱ्यांचा विषय हाच आहे. पळविलेल्या मुलीचा शोध घेणे एक वेळ सोपे, तिला परत आणल्यावर ती कोणाची, हे ठरविणे कठीण. साहसकथेला सुटकेपाशी थांबणे सोयीचे असते. या दोन छायाचित्रांकडे पाहिल्यावर तेथे थांबता येत नाही.

जे चित्रात नाही त्याची उणीव सर्वांत तीव्रतेने जाणवते ती १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमन्टरी येथे अँड्र्यू रसेल याने काढलेल्या छायाचित्रात. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग त्या दिवशी जोडले गेले. दोन एंजिने समोरासमोर उभी आहेत, मध्ये दोन्ही बाजूंचे अभियंते हस्तांदोलन करीत आहेत, आणि भोवती माणसांची दाटी आहे. पश्चिमेकडील मार्गावर सिएरा नेवाडाचे ग्रॅनाइट फोडून बोगदे काढणारे दहा हजारांहून अधिक चिनी मजूर होते. या दाटीत ओळखू येईल असा त्यांच्यापैकी एकही नाही. १८८२ साली तर चिनी मजुरांना देशात येण्यासच कायद्याने बंदी करण्यात आली. मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांनी ‘चायना मेन’ (१९८०) या पुस्तकात आपल्या आजोबांना याच डोंगरांत कामाला लावले आहे. लोहमार्ग पुरा होऊन गोरे लोक छायाचित्रासाठी उभे राहतात तेव्हा हे मजूर पांगू लागतात, आणि आजोबा कोणत्याही छायाचित्रात नाहीत, हे लेखिका अगदी सरळपणे नोंदविते. फ्रँक चिन यांच्या ‘डॉनल्ड डक’ (१९९१) या कादंबरीत सॅन फ्रान्सिस्कोतील एका मुलाला रात्री स्वप्नात हे मजूर रूळ टाकताना दिसतात. २०१४ साली कॉर्की ली या छायाचित्रकाराने चिनी वंशाच्या अमेरिकनांना प्रॉमन्टरी येथे जमवून, एंजिनांपुढे उभे करून तेच चित्र पुन्हा काढले. बुचरने कुंपणाचा प्रसंग रचला होता, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की या खेपेला उभे राहणारे लोक पहिल्या वेळी वगळले गेलेल्यांचे वारस होते.

मूळ रहिवाशांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांची छायाचित्रे हजारोंनी आहेत. एडवर्ड कर्टिस याने जे. पी. मॉर्गन या धनिकाच्या साहाय्याने १९०७ ते १९३० या काळात ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ हा ग्रंथ वीस खंडांत प्रसिद्ध केला. ती चित्रे देखणी आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु नष्ट होत चाललेला एक समाज आपण टिपीत आहोत या समजुतीने कर्टिसने जे जे आधुनिक ते चित्रातून दूर ठेवले. पिगन जमातीच्या तंबूतील एका चित्रात बसलेल्या दोन पुरुषांच्या मध्ये गजराचे घड्याळ होते. निगेटिव्हवर ते स्पष्ट आहे, ग्रंथातील छापील प्रतीत ते पुसून टाकलेले आहे. कादंबरीकाराने मात्र ते घड्याळच उचलले असते. तंबूत राहणाऱ्या माणसाला गजर कशासाठी लावावा लागत होता, या प्रश्नाबरोबर पात्र जिवंत होऊ लागते. मेरिअॅन विगिन्स यांनी ‘द शॅडो कॅचर’ (२००७) या कादंबरीत कर्टिसलाच पात्र केले, आणि तो डोंगरदऱ्यांत असताना मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीकडे दृष्टी वळविली. टॉमस किंग यांनी कर्टिस बरोबर बाळगीत असलेल्या केसांच्या टोपांविषयी आणि कपड्यांविषयी मिश्कीलपणे लिहिले आहे. किंग यांच्या ‘मेडिसिन रिव्हर’ (१९८९) या कादंबरीचा नायक एक छायाचित्रकार आहे, आणि तो आपल्याच लोकांची चित्रे काढतो. लेस्ली मार्मन सिल्को यांच्या ‘स्टोरीटेलर’ (१९८१) या पुस्तकात न्यू मेक्सिकोतील लगूना गावची कौटुंबिक छायाचित्रे कथा-कवितांच्या मध्ये विखुरलेली आहेत. त्यांपैकी कित्येक त्यांचे वडील ली मार्मन यांनी काढलेली. घरात ही छायाचित्रे हॉपी लोकांनी विणलेल्या एका उंच टोपलीत ठेवलेली असत आणि एकेक काढून त्यांच्या गोष्टी सांगितल्या जात. लकोटा योद्धा क्रेझी हॉर्स याचे मात्र खात्रीचे असे एकही छायाचित्र नाही. मारी सँडोझ यांना १९४२ साली त्याचे चरित्र लिहिताना त्याचा चेहरा वृद्धांच्या आठवणींतूनच उभा करावा लागला.

श्रीलंकेत जन्मलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले मायकेल ओन्डाची यांनी १९७० मध्ये ‘द कलेक्टेड वर्क्स ऑफ बिली द किड’ हे गद्यपद्यमिश्रित पुस्तक लिहिले. त्यात एल. ए. हफमन या मोंटानातील छायाचित्रकाराच्या चित्रांचा वापर आहे. हफमन खरा, पण त्याची कर्मभूमी बिलीच्या मुलखापासून फार दूर उत्तरेला होती. ओन्डाची यांनी त्याला बिलीचे चित्र काढणारा कल्पिले. पुस्तकाच्या आरंभी एक चौकट आहे, तिच्याखाली बिलीचे चित्र पाठवीत असल्याचा मजकूर आहे, आणि चौकट कोरी आहे. पुढची सर्व पाने वाचक त्या कोऱ्या चौकटीत काही ना काही भरीत जातो. अखेरच्या पानावर एका कोपऱ्यात एक लहानसे छायाचित्र मात्र छापलेले आहे. त्यात गुराख्याचा पोशाख चढवून, कमरेला पिस्तुले लावून एक छोटा मुलगा उभा आहे. तो बिली नव्हे. ते ओन्डाची यांचे स्वतःचे, सिलोनमधील बालपणीचे छायाचित्र आहे.